रविवारची बैठक : गप्पा आणि मराठी वाङ्मयव्यवहार

मराठीत कथेला ‘गोष्ट’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘गोष्ठी’पासून आला आणि गोष्ठी म्हणजे जमणे, बसणे व बोलणे. जमण्याचे नाव जमण्यातून निघालेल्या मालाला मिळाले आणि जमणे मागे पडले. विदर्भात मात्र ‘गोष्टी करत बसलो होतो’ असे कोणी म्हणाले, तर कथाकथन चालले होते असा त्याचा अर्थ आजही होत नाही. तेथे जुना अर्थ बोलीने जपून ठेवला आहे. प्रमाण भाषेने त्या अर्थासाठी फारसीतून आलेला ‘गप्पा’ हा शब्द पत्करला आणि त्याला जोडीला क्रियापदे दिली ती मारणे, ठोकणे, छाटणे, हाणणे अशी. थापांना लागतात तीच क्रियापदे गप्पांना लागतात. शिवाय एकवचनी ‘गप’ म्हणजे खोटी वार्ता आणि अनेकवचनी ‘गप्पा’ म्हणजे स्नेह्यांतील संभाषण. एकट्याची गप अविश्वसनीय, अनेकांच्या गप्पा मात्र निर्दोष, असा काही विवेक भाषेने येथे केलेला दिसतो.

हा विवेक मराठी समीक्षेने केलेला नाही. संप्रदाय, मंडळे, नियतकालिके, जाहीरनामे यांचा अभ्यास आपल्याकडे झाला. परंतु ज्या बोलण्यातून हे सारे उभे राहिले ते बोलणे आठवणींच्या पुस्तकांकडे सोपवण्यात आले. अमुक कवी चहाचा कसा शौकीन होता, तमुक संपादक कसा हजरजबाबी होता, एवढ्यापुरत्याच गप्पा वाङ्मयेतिहासात प्रवेश करतात. त्या रंजक किस्से म्हणून येतात, पुरावा म्हणून येत नाहीत. वस्तुतः सुटीच्या दिवशी जमणाऱ्या स्नेह्यांच्या निरुद्देश बोलण्याने मराठी कवितेचा घाट बदलल्याचे एक ठळक उदाहरण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उपलब्ध आहे, आणि त्याचा एक धागा नागपुरापर्यंत येतो.

रविकिरण मंडळाची स्थापना पुण्यात १९२३ साली झाली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर ही त्यातील परिचित नावे. मंडळाच्या नावातील ‘रवि’ हा सूर्य आहे तसाच तो वारही आहे. रविवारचा चहा हे या स्नेह्यांचे निमित्त होते आणि ‘सन-टी’ या इंग्रजी श्लेषाने त्या चहाला शहाणपणाचाही वास दिला गेला. या मंडळाने कोणताही सिद्धांत मांडला नाही, याचा मराठी समीक्षेने त्याच्यावर दोष ठेवला आहे. कवितेविषयी समान भूमिका नसलेल्या माणसांचा तो गट होता, हे खरेच आहे. माधव जूलियनांची गझल, दिवाकरांची नाट्यछटा आणि गिरीशांचे खंडकाव्य यांना एका सूत्रात ओवणारे वाङ्मयीन तत्त्व शोधणे व्यर्थ आहे. परंतु ते सूत्र सिद्धांतात शोधण्याऐवजी बैठकीत शोधले तर काही हाती लागते.

दर आठवड्याला तीच सात-आठ माणसे समोर बसणार आहेत आणि त्यांना आपली कविता ऐकवायची आहे, ही जाणीव ज्या कवीला असते त्याची कविता कानासाठी घडते. ती एका ऐकण्यात कळावी लागते. तिला सांगण्याजोगा प्रसंग लागतो. तिची भाषा घरगुती होते. मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली, त्यांनी खंडकाव्याकडे धाव घेतली, मध्यमवर्गीय कौटुंबिक विषय कवितेत आणले. या तीन गोष्टी इतिहासग्रंथांत तीन स्वतंत्र वैशिष्ट्ये म्हणून नोंदवल्या जातात. त्या एकाच कारणाच्या तीन बाजू आहेत. रविवारच्या दिवाणखान्यातील श्रोता पुढे गावोगावच्या सभागृहांत पसरला, एवढेच काव्यगायनाने केले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या तेव्हा जो धक्का बसला, त्याचा मोठा भाग हा श्रोता नाहीसा झाल्याचा होता. दुर्बोधतेची तक्रार पुष्कळदा कवितेविरुद्ध नव्हतीच. बैठक मोडल्याबद्दलची ती खंत होती.

अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या १९२५ च्या संग्रहाचे स्थानही या दृष्टीने पाहावे लागते. मंडळावरील बाहेरचा हल्ला म्हणून त्याची गणना होते. पण विडंबन हा मुळात गप्पांचाच प्रकार आहे. ज्याची टवाळी करायची त्याच्या ओळी ऐकणाऱ्यालाही पाठ असाव्या लागतात. सामायिक स्मरणाखेरीज विडंबन उभेच राहत नाही. केशवकुमारांनी बैठकीची रीत बैठकीविरुद्ध वापरली आणि ती छापली. छापणे एवढाच त्यातील विश्वासघात. (जाता जाता आणखी एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. मंडळातील माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक; त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ चा आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ चा. ज्या शब्दाने या मंडळाच्या रविवारचे वर्णन करावे तो शब्दच शुद्धीच्या चाळणीतून खाली पडणारा आहे.)

१९२३ या वर्षाचा आणखी एक योगायोग आहे. त्याला योगायोगापेक्षा अधिक वजन देऊ नये, तथापि तो विचाराला उपयोगी पडतो. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने त्याच वर्षी निरर्थक वाटणाऱ्या बोलण्याचा विचार मांडला. हवापाणी, कुशलप्रश्न, साऱ्यांना ठाऊक असलेल्याच गोष्टींची उजळणी यांतून विचार पोचवला जात नसतो. माणसे शब्दांच्या देवघेवीने एकमेकांशी बांधली जात असतात, असे त्याचे प्रतिपादन. रोमान याकोब्सन यांनी १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांत या संपर्कसाधक कार्याला स्थान दिले. आपल्याकडील शैलीविज्ञानाच्या अभ्यासकांनी याकोब्सनच्या काव्यात्म कार्यावर विपुल लिहिले आणि संपर्कसाधक कार्य उदाहरणादाखल ‘हॅलो, ऐकू येते का’ एवढ्या वाक्यावर भागवले.

मालिनोव्स्कीची उपपत्ती जशीच्या तशी स्वीकारली तर मात्र गप्पांचा आशय गौण ठरतो, आणि रविकिरण मंडळाचे उदाहरण नेमके त्याविरुद्ध जाते. तेथे स्नेह जुळवण्याचे साधन कविता हेच होते आणि साधन होता होता कविता बदलली. येथे बाख्तीन अधिक साहाय्यक ठरतो. १९५२-५३ मध्ये लिहिलेल्या भाषितप्रकारांवरील निबंधात त्याने रोजच्या संभाषणाचे प्राथमिक प्रकार आणि कादंबरी, नाटक, शास्त्रीय ग्रंथ यांसारखे दुय्यम प्रकार असा भेद केला; दुय्यम प्रकार प्राथमिकांना पोटात घेतात आणि घेताना त्यांचे स्वरूप पालटून टाकतात, असे त्याचे म्हणणे आहे. मराठीपुरता प्रश्न असा उरतो : गप्पांना पोटात घेताना आपल्या दुय्यम प्रकारांनी त्यातील काय पचवले आणि काय टाकून दिले?

लघुनिबंधाने सर्वांत जास्त टाकून दिले. ना. सी. फडक्यांनी १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’मधून जे लेखन सुरू केले त्याला ‘गुजगोष्टी’ हे नाव दिले. या नावात जवळीक आहे, कुजबुज आहे, दोघांचे बसणे आहे. प्रत्यक्षात तेथे बोलतो तो एकच माणूस. दुसऱ्याचे काम खुर्चीत रेलून स्मित करण्याचे. तो मध्येच तोडत नाही, विषय पळवत नाही, ‘हे तुम्ही मागल्या रविवारी सांगितले’ असे म्हणत नाही. गप्पांचा सूर घेऊन गप्पांतील दुसरा माणूस काढून टाकणे, हीच लघुनिबंधाची रचना होय. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या प्रतिभेने या एकभाषिताला रंगमंच मिळवून दिला. ‘बटाट्याची चाळ’मध्ये अख्खी चाळ बोलते, पण एका कंठातून बोलते. मराठी मध्यमवर्गाने यालाच गप्पा म्हणायला सुरुवात केली; उत्तम गप्पा मारणारा म्हणजे इतरांना बोलू न देताही कंटाळा न आणणारा, अशी व्याख्या रूढ झाली. या व्याख्येने वाङ्मयाचे जे झाले ते झाले, पण दिवाणखान्यांचेही नुकसान केले.

याच्या उलट प्रवास नेमाड्यांच्या ‘कोसला’मध्ये (१९६३) दिसतो. वसतिगृहातील मुलांचे बोलणे तेथे कथानक पुढे नेत नाही. पांडुरंग सांगवीकर आणि सुरेश हे भविष्यकाळातील इतिहाससंशोधक होऊन स्वतःच्याच काळाचे उत्खनन करू लागतात, तो भाग कादंबरीच्या रूढ शास्त्रानुसार गाळता येण्याजोगा आहे. तो गाळला तर कादंबरी उरत नाही. दोघांपैकी कोणता विनोद कोणाचा हे काही वेळाने महत्त्वाचे राहत नाही. एकाने टाकलेले दुसरा उचलतो, वाढवतो, सोडून देतो. स्वामित्व नसणे हे गप्पांचे लक्षण येथे शाबूत आहे. निष्कर्ष नसणेही शाबूत आहे. इतिहासलेखनाच्या भाषेवरची इतकी तिखट टीका मराठीत गंभीर निबंधांतूनही क्वचित झाली असेल. निबंधाला मत सिद्ध करण्याची जबाबदारी असते. रिकाम्या संध्याकाळी चालता चालता बोलणाऱ्या दोन मुलांना ती नाही, आणि म्हणूनच त्यांना दिसते.

गप्पांना नेहमी एक अनुपस्थित माणूस लागतो. जमलेल्यांचे एकमेकांविषयीचे बोलणे लवकर संपते. न आलेल्याविषयीचे संपत नाही. महेश एलकुंचवारांनी ‘पार्टी’मध्ये या साध्या निरीक्षणाचे नाटक केले. नागपुरात राहून लिहिणाऱ्या या नाटककाराने नाटक घडवले आहे मुंबईत, दमयंती राणे यांच्या घरी, दिवाकर बर्वे या नाटककाराला मिळालेल्या पुरस्काराच्या निमित्ताने. लेखक, नट, रसिक, उमेदवार कवी असे सारे जमले आहेत. पेये फिरताहेत, गट जमताहेत आणि मोडताहेत. न आलेला आहे तो अमृत. कवितेत नाव मिळवून तो आदिवासींमध्ये काम करायला निघून गेला आहे.

‘पार्टी’वरील चर्चा बहुधा लेखकाच्या बांधिलकीच्या प्रश्नाभोवती फिरली. १९८४ मध्ये गोविंद निहलानी यांनी त्यावर चित्रपट केला तेव्हाही तोच प्रश्न पुढे आला. हा प्रश्न नाटकात निःसंशय आहे. परंतु नाटकाचे सामर्थ्य प्रश्नापेक्षा बोलण्याच्या बांधणीत आहे. येथे उत्तरे पुष्कळदा प्रश्नाला लागून येत नाहीत. एका कोपऱ्यात सुरू झालेला उपहास दुसऱ्या कोपऱ्यात कौतुक होऊन पोचतो. माणसे सैद्धांतिक विधाने करतात ती समोरच्याला टोचण्यासाठी. आणि खरोखर टोचायचे असते तेव्हा नव्या पुस्तकाची चौकशी करतात. अमृतचे नाव निघाले की प्रत्येकाचा आवाज किंचित बदलतो. कोणी त्याला मोठा करतो, कोणी वेडा ठरवतो, कोणी विषय बदलतो. त्याच्याविषयी बोलताना जो तो स्वतःविषयी बोलतो. बर्वे यांच्यासारख्या मान्यवराला अमृत छळतो तो त्याच्या कार्यामुळे नव्हे. तो बैठक सोडून गेला आणि तरी बैठकीचा विषय राहिला, यामुळे. अखेरीस अमृतच्या अंताची वार्ता येते तेव्हा त्या घरातील सारे बोलणे मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागते. गप्पांचा नियमच असा की अनुपस्थिताला उत्तर देता येत नाही. येथे त्याचे मरण हेच उत्तर होऊन येते आणि नियम मोडतो.

या नाटकावर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो. एलकुंचवारांना गप्पांची लय जितकी कळते तितकाच त्यांचा तिच्यावर अविश्वास आहे. ‘पार्टी’त कोणाचेही बोलणे कोणाला बरे करत नाही. स्नेह्यांच्या निरुद्देश बोलण्यात सांत्वनाची, चुकण्याची मुभा देण्याची जी शक्ती असते ती या दिवाणखान्यात नाही, हे त्या दिवाणखान्यापुरते खरे आहे. नाटक मात्र ते सर्व वाङ्मयीन सहवासाबद्दल सुचवते. मुंबईतच काळा घोडा परिसरातील वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर आणि त्यांचे स्नेही दर गुरुवारी जमत. आठवड्याच्या भर मध्यावर, इतरांच्या कामाच्या वेळी, रस्त्याकडे तोंड करून बसणाऱ्या त्या टेबलाने ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या संग्रहाला त्याची नजर दिली. त्या कवितांतील माणसे टेबलावरची नसून खिडकीबाहेरची आहेत. अनुपस्थिताला गप्पांत जागा देण्याची ही दुसरी रीत झाली.

वाराचा मुद्दा गौण नाही. वात्स्यायनाने नागरकाच्या दिनक्रमात गोष्ठीचे वर्णन केले आहे. विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय यांनी समान असणाऱ्यांनी एकत्र बसून अनुरूप संभाषण करणे म्हणजे गोष्ठी. तेथे अति संस्कृतात बोलू नये आणि अति देशीतही बोलू नये, असा भाषिक संकेतही तो देतो. दिवाणखान्यातील मराठी आजही हाच संकेत पाळते. अडचण ‘समान’ या शब्दाची आहे. गप्पा समानांतच होतात हे खरे असेल, तर गप्पांतून घडलेले वाङ्मय समानांपुरतेच राहते.

रविवार तरी सर्वांना कोठे होता? मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या चळवळीमुळे, १८९० साली. रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला एक दिवस समाजासाठी मिळाला पाहिजे, अशी सत्यशोधक लोखंड्यांची मांडणी होती. रविकिरण मंडळाच्या चहाआधी तेहतीस वर्षे सुटीच्या दिवसाचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न झाला, आणि त्यात एकत्र येणे हे विश्रांतीइतकेच महत्त्वाचे मानले गेले. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्याभोवती कामगारांच्या वस्त्या झाल्या. या शहरात किसन फागोजी बनसोडे (१८७९-१९४६) यांनी ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ ही पत्रे चालवली. त्या पत्रांमागे माणसांचे जमणे, बोलणे, वाद घालणे असल्याखेरीज ती निघाली नसती. परंतु त्या जमण्याला आपण ‘सभा’ किंवा ‘चळवळ’ म्हणतो, ‘गप्पा’ म्हणत नाही. निरुद्देश बोलण्याचा अधिकार एका वर्गाला आणि सहेतुक बोलण्याची सक्ती दुसऱ्याला, अशी वाटणी समीक्षेच्या परिभाषेतच झालेली आहे. दलित साहित्याच्या अभ्यासात विनोद, टवाळी, संध्याकाळच्या ओट्यावरचे बोलणे यांचा विचार इतका थोडा का झाला, याचे एक कारण येथे सापडते.

विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १९२३ चीच. अमरावतीत झालेली ही संस्था पुढे नागपुरास स्थिरावली. पुण्याच्या रविवारच्या मंडळातील माडखोलकर थोड्याच काळात नागपुरास आले आणि पुढे ‘तरुण भारत’चे संपादक म्हणून येथील वाङ्मयीन जीवनाच्या केंद्रस्थानी राहिले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टींतील भेद बोधप्रद आहे. संघ शतक ओलांडून गेला. त्याला घटना आहे, निवडणुका आहेत, ‘युगवाणी’ आहे. मंडळाला यांपैकी काही टिकवता आले नाही. संस्थेचे इतिवृत्त लिहिले जाते, त्यात ठराव असतात, सूचक आणि अनुमोदक असतात. ठरावाआधी पायऱ्यांवर उभे राहून काय बोलले गेले हे इतिवृत्तात येत नाही, आणि अभ्यासक इतिवृत्तावर अवलंबून राहतो.

बोललेल्याची नोंद ठेवण्याची पद्धत मराठीला परकी होती, असे मात्र म्हणता येत नाही. मराठी गद्याचा आरंभच अशा नोंदीने झाला आहे. ऋद्धिपुराच्या परिसरात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारत विचारत. पुढे मूळ प्रत हरवल्यावर ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला अशी परंपरा आहे. त्यामुळे पाठांना आठवणाऱ्यांची नावे चिकटली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी १९७८ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. तेथे उपदेश आहे, पण तो प्रवासात, जेवणात, थट्टेत, मध्येच कोणी काही विचारल्यामुळे होतो. विचारणाऱ्यांत महदाइसा आहे. तिची ओळख संप्रदायाने चर्चा करणारी, जिज्ञासू म्हातारी म्हणून जपली. तिने प्रश्न विचारला की बोलण्याचा ओघ थांबतो, वळतो, आणि ते थांबणे ग्रंथात उतरते.

रविकिरण मंडळाला लोकांनी सप्तर्षी म्हटले आणि मनोरमाबाई रानड्यांना त्यांतील अरुंधती. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कविता छापील उपलब्ध आहेत. दर रविवारी त्या कोणाच्या कवितेवर काय म्हणाल्या, कोणाला मध्येच तोडले, चहा करायला उठल्या तेव्हा कोणता विषय त्यांच्यावाचून पुढे गेला, याची नोंद मंडळातील लिहित्या पुरुषांपैकी कोणाला करावीशी वाटली नाही.